समोरचीच्या हाताकडे बघायचं

४ फेब्रुवारी

धाकटे,

आधी वर 'प्रिय' लिहिलं होतं. मग खोडलं. मग कागदच बदलला, कारण खोडलेलं दिसलं असतं आणि तू म्हणाली असतीस, बघा, ताईंच्या मनात अजून माया आहे. मनात काही नाही. राग आहे, तो भरपूर आहे.

फोन करत नाही, कारण फोनवर मी ओरडते आणि तू कट करतेस. पत्र कट करता येत नाही. लॉंड्रीत तू दुपारची पाळी मागून घेतलीस, तिथेही गाठ पडत नाही. भाऊजी कपड्यांची गाडी घेऊन रोज लॉंड्रीच्या दारात येतातच, त्यांच्या हाती देते आहे. त्यांना सांगून ठेवलंय, पाकीट उघडलंत तर मी वहिनी नाही आणि तुम्ही दीर नाही.

तर, त्या दिवसाचं. सुपरवायझरबाई घडीच्या टेबलापाशी आल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "तुमच्या जाऊबाई सांगतायत, तुमचा उजवा हात वर जात नाही. उद्यापासून टॉवेलांच्या खोलीत बसा." मी तुझ्याकडे बघितलं. तू चादरीच्या शिवणीकडे बघत होतीस, जणू आयुष्यात पहिल्यांदाच शिवण बघतेयस. घरी आल्यावर मी जे बोलले ते बोलले. त्यातलं एक अक्षर मागे घेणार नाही. त्यावर तुम्ही नवराबायकोने चार दिवसांत वरच्या खोल्या रिकाम्या केल्यात आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसलात. तेही छान केलंत. जाताना माझी मापाची टेप घेऊन गेलीस ते मात्र छान नाही केलंस.

टॉवेलांच्या खोलीला खिडकी नाही. दिवसभर बसून मोठे एकीकडे, छोटे एकीकडे, फाटके तिसरीकडे. तिथे जोडीदार लागत नाही. बोलायलाही कोणी नसतं. दुपारी मी एका टॉवेलाला शिव्या दिल्या, त्या तुझ्या नावाने.

तुला या कामावर आणली कोणी? मी. पहिल्या दिवशी तू चादर धरलीस ती ओलं मांजर धरल्यासारखी. इस्त्रीच्या रोलरमधून चादर निघते ती गरम असते, तू टोकं सोडून फुंकर मारत बसलीस. तेव्हा मी तुला एकच गोष्ट शिकवली होती. आपल्या हाताकडे बघायचं नाही, समोरचीच्या हाताकडे बघायचं. ती जितकं वर धरेल तितकं आपण धरायचं, ती झटका देईल तेव्हा आपण द्यायचा, मग घडी सरळ येते. नवी बाई आपल्याच बोटांकडे बघत राहते आणि चादर तिरकी होते. पंधरा वर्षं आपण एकमेकींच्या हाताकडे बघून चादरींच्या घड्या केल्या. त्या हातांचं तू हे केलंस.

आता ऐक. लॉंड्रीने मला ज्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं, तिने एक कागद दिलाय. त्यावर चार चित्रं. घरी स्वतःच करून बघायचं, हात कुठवर जातो ते तिला सांगायचं. महिन्याच्या शेवटी ती काय म्हणते त्यावर ठरणार, मी घडीच्या टेबलावर परत की कायमची टॉवेलांत.

मी आजच केलं. पहिलं चित्र, भिंतीला पाठ लावून उभं राहायचं आणि कोपर न वाकवता हात समोरून वर न्यायचा, अंगठा मागे भिंतीला टेकेपर्यंत. टेकला. दुसरं, कोपरं अंगाला लावून पंजे बाहेरच्या बाजूला उघडायचे, कपाटाची दोन दारं उघडावीत तसे. उघडले. तिसरं, हात पाठीमागे नेऊन अंगठा कण्यावरून वर सरकवायचा. सरकला. चौथ्याला दुसरं माणूस लागतं, ते राहू दे. हातच्या काकणाला आरसा कशाला? माझा हात वर जातो.

हे समोरच पेपर वाचत होते. मी विचारलं, "बघितलंत ना?" म्हणाले, "बघितलं. पण तू जरा..." मी म्हटलं, पेपर वाचा.

तेव्हा आता सुपरवायझरबाईंकडे जा आणि सांग, मी चुकले म्हणून. सगळ्यांदेखत सांग, मला सांगितलं तसंच.

तुझी मोठी जाऊ


११ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं उत्तर मिळालं. मी चार पानं लिहिली आणि तू दोन ओळी. "ताई, भिंतीला कंबरही टेकवून करा. दुसऱ्या चित्राला कोपर आणि बरगडीच्या मध्ये घडी केलेला टॉवेल धरा, तो पडला नाही पाहिजे."

टॉवेल! टॉवेलांच्या खोलीत बसवलेल्या बाईला तू टॉवेल धरायला सांगतेस. लाज नाही वाटली लिहिताना? आणि तू कधीपासून डॉक्टर झालीस? तुला कसं ग माहीत की माझी कंबर भिंतीला टेकली नव्हती? तू होतीस का तिथे?

माफी नाही, काही नाही. 'कशा आहात' एवढंही नाही. भाऊजींना विचारलं, ही बरी आहे का, तर म्हणाले, "आहे, पण जेवत नाही नीट." मी म्हटलं, त्याला मी काय करू? नीट जेवायला सांगा तिला.

केलं मी तुझ्या म्हणण्याप्रमाणे. उगाच तुझ्या मनात राहायला नको म्हणून. कंबर टेकवून, टाचा भिंतीजवळ, सगळं. ठीक झालं. थोडा फरक पडला, पण आपल्या घराची ती भिंत मुळात सरळ नाही, तुला माहीत आहे, तिथे कपाट लावलं तर मागे कागद घालावा लागतो. नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणशील. म्हण. तुझ्या म्हणण्याने काय होतंय? व्हायचं ते होऊन गेलं.

यांना आज घरात थांबू दिलं नाही. भाजी आणायला पाठवलं आणि मग केलं.

मोठी


१२ फेब्रुवारी

काल लिहिलं ते खोटं होतं.

कंबर टेकवली तर हात छातीसमोर येऊन थांबतो. पुढे जात नाही. जोर लावला तर खांद्यात अशी कळ येते की तोंडातून शिवी बाहेर पडते. मग भिंतीकडे तोंड करून बोटं भिंतीवरून वर चढवत नेली, ती दिव्याच्या बटणांच्या वर गेली नाहीत. डावा हात पार कॅलेंडरच्या खिळ्याच्या वर गेला. टॉवेल तीनदा धरला आणि तिन्ही वेळा पडला.

तू बरोबर होतीस म्हणून हे लिहीत नाहीये. खोटं लिहिलेलं पत्र तुझ्याकडे पडून राहायला नको म्हणून लिहितेय.


२१ फेब्रुवारी

धाकटे,

आज माझं जे झालं ते तुला लॉंड्रीतल्या कुणीतरी सांगितलंच असेल, तुझी पाळी दुपारची असली तरी. तरी माझ्या तोंडून ऐक.

मला महिन्याच्या शेवटापर्यंत दम निघाला नाही. मी आपणहून सुपरवायझरबाईंकडे गेले आणि म्हटलं, त्या कागदावरच्या चित्रांचं काय घेऊन बसलात, चादर द्या, करून दाखवते. मला वाटलं, भिंतीशी भांडण असेल माझं, चादरीशी कधीच नव्हतं. कारण तूच सांग, माझ्या हातून कधी चादर पडलीय? घरात हात बटणांपाशी अडतो आणि टेबलावर वर्षभर एकही चादर पडत नाही, मग खरं काय? टेबलच खरं. असा मी हिशेब केला. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

समोर ती नवी उंच मुलगी उभी केली. दुहेरी पलंगाची चादर रोलरमधून आली. मी माझी दोन टोकं धरली आणि नेहमीप्रमाणे तिच्या हातांकडे बघितलं. तिने हात डोक्याच्या वर नेले, सगळ्या नेतात तसे. मीही नेऊ लागले. डावा गेला. उजवा छातीपर्यंत गेला आणि तिथेच. तिने झटका दिला, माझ्या खांद्यात वीज गेल्यासारखं झालं आणि टोक सुटलं. अर्धी चादर जमिनीवर. सगळ्या बघत होत्या. ती मुलगी "सॉरी काकू, सॉरी काकू" करत राहिली, जणू तिनेच पाडली. चादर पुन्हा धुवायला गेली.

सुपरवायझरबाईंनी वहीत एक चादर लिहून घेतली आणि त्या पुढे गेल्या. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, मलाही बोलता आलं असतं.

मी टॉवेलांच्या खोलीत येऊन बसले. तर मागून रोलरवाली मावशी आली. तुला माहीत आहे, ती कधी कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. माझ्याजवळ टेकली आणि म्हणाली, "तुझी जाऊ समोर असती तर पडली नसती."

मी म्हटलं, "का? तिच्या हातात काय जादू आहे?"

"जादू कसली. ती हात वरच नेत नव्हती. गेलं वर्षभर तुम्ही दोघी छातीपाशी धरून घड्या करायचात. आम्हाला वाटलं, मोठीने काही नवी पद्धत काढलीय."

धाकटे, माझ्या डोळ्यांसमोर तुझे हात आले. मी रोज बघितलेत ते, मला बांगडीच्या खुणेसकट पाठ आहेत. आणि मला आठवलंच नाही की ते कधी खाली आले! एकदम आले नसतील. मी बोटभर खाली धरलं की तूही बोटभर खाली. मी पुन्हा बोटभर, तू पुन्हा. मी समोरचीच्या हाताकडे बघत होते, आणि समोरचीचा हात माझ्याइतकाच होता. मग माझा हात वर जात नाही हे मला कळणार कुठून?

मावशीने पुढचंही सांगितलं. खाली धरलेल्या चादरींना झोळ पडायचा, घड्या वाकड्या यायच्या, हॉटेलकडून गठ्ठे परत यायचे. त्याबद्दल सुपरवायझरबाई तुला आत बोलवून झापायच्या. तुझे हात धडधाकट, मग खाली का, कंटाळा येतो का कामाचा, असं म्हणायच्या. तू ऐकून घ्यायचीस. शेवटी त्या म्हणाल्या, उद्यापासून तू टॉवेलांत. तेव्हा तू तोंड उघडलंस.

हे ऐकून माझा राग जाईल असं मावशीला वाटलं असावं. ती पाठीवरून हात फिरवून गेली. माझा राग दुप्पट झालाय.

घरी आले आणि स्वयंपाकघरात उभी राहिले. वरच्या फळीवर काही नाही. रिकामी. पिठाचा डबा, साखरेचा, डाळीचा, सगळे खाली. ते गेल्या वर्षी तू खाली आणलेस. म्हणालीस, "वर झुरळं होतात, ताई." मी तुला शाबासकी दिली होती, मूर्खासारखी. वरच्या फळीवर कसली ग झुरळं? तिथे धूळसुद्धा बसत नाही.

म्हणजे लॉंड्रीतही आणि घरातही. सगळं माझ्या हाताला येईल असं खाली खाली आणत गेलीस आणि मी राणीसारखी मिरवत राहिले की माझ्या वयाची एवढी चपळ बाई दुसरी नाही! मी केस विंचरताना हात वर नेत नाही, मान खाली नेते, हे मला आज कळलं. तुला किती महिने माहीत होतं? यांनाही माहीत होतं. यांना विचारलं तर म्हणाले, "धाकटी म्हणाली, ताईंना वाईट वाटेल." घरात चार माणसं, तिघांना माहीत आणि खांदा ज्याचा तोच अडाणी.

मला लहान मूल समजलीस तू. लहान मुलाबरोबर पळताना मोठी माणसं मुद्दाम हळू पळतात, तसं.

सुपरवायझरबाईंना सांगितलंस, मला नाही. त्या परक्या बाईला खरं आणि मला झुरळं.

मोठी


२ मार्च

धाकटे,

तुझी चिठ्ठी परवा मिळाली. या वेळी पाच ओळी, म्हणजे प्रगती आहे. बाकीचं वाचलं न वाचल्यासारखं केलं, पण एक प्रश्न विचारलायस. "सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतंत का, ताई?"

नसतं ऐकलं. तुझ्या अंगावर धावून गेले असते. तुझं काम, तुझं माहेर, तुझा स्वयंपाक, सगळं काढलं असतं. आठवडाभर बोलले नसते. पण ऐकायचं की नाही हे माझं होतं, धाकटे. सांगायचं तुझं होतं. तू दोन्ही तुझ्याकडे ठेवून घेतलंस.

काल फिजिओथेरपिस्टकडे जाऊन आले. तिला सगळं खरं सांगितलं, कंबर भिंतीला टेकवून आणि टॉवेल धरून केलेलं. तिने हात इकडून तिकडून फिरवून बघितला. मी दात आवळून बसले. ती म्हणाली, खांदा आखडलाय, असं होतं, सुटतो. पण वेळ लागेल, सहा महिने लागतील, वर्षही लागेल. मग म्हणाली, "इतका आखडेपर्यंत थांबलात कशाला? दुखायला लागलं तेव्हाच आला असतात तर आत्ता इतका त्रास झाला नसता. तुम्हाला कळलं नाही का हात वर जात नाही ते?"

काय सांगणार होते? माझी जाऊ फार चांगली आहे, असं सांगणार होते? मी म्हटलं, नाही कळलं.

हे तुला लागावं म्हणून लिहितेय. लागू दे. मलाही लागलंय. तू वर्षभर स्वतः शिव्या खाल्ल्यास त्या माझ्यासाठी, हे मला कळतं, मी दगड नाही. ते आठवलं की डोळ्यांत पाणी येतं आणि पाणी आलं की आणखी राग येतो. तुझ्या प्रेमाची परतफेड करू की तुझ्या कानाखाली वाजवू, हे माझं ठरत नाहीये. उजव्या हाताने वाजवायची तर तुला खाली बसावं लागेल. आणि तू बसशीलही, तेच तर दुखणं आहे.

पुढचं. सुपरवायझरबाईंशी बोलले. सध्या टॉवेलांतच. हात डोक्याच्या वर जाईल त्या दिवशी पुन्हा चादर देतील. म्हणाल्या, जोडीदार कोण हवी ते तुम्ही सांगा. मी तुझं नाव सांगितलंय. तुला विचारलं नाही. तू मला न विचारता एवढं केलंस, तर एवढं मीही करू शकते.

रोज व्यायाम करते. भिंतीवरून बोटं चढवते, काल बटणांच्या वर दोन बोटं गेली. गेली म्हणजे खरी गेली, मान तिरकी न करता. पण ते चौथं चित्र अडलंय. एक हात वरून खांद्यामागे न्यायचा, दुसरा खालून पाठीवर आणायचा आणि दोन्ही हातांच्या बोटांमध्ये किती अंतर राहतं ते मोजायचं. स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाही. यांना सांगितलं, तर यांनी वीतभर म्हणून सांगितलं. मी खुश झाले. मग शंका आली म्हणून कपाटाच्या आरशात पाठमोरी होऊन, मान वळवून बघितलं. दीड वितीला कमी नाही. विचारलं तर म्हणाले, "उगाच तुझं मन कशाला मोडा." हेही तुझ्याच शाळेतले.

तर मला खरं मोजणारं माणूस हवंय. रविवारी सकाळी ये. भाऊजींना आण किंवा नको आणू, पण माझी टेप आण. तू माझ्यामागे उभी राहायचं, टेप लावायची आणि जे दिसेल ते मोठ्याने म्हणायचं. मी ओरडले तरी आकडा बदलायचा नाही. वरच्या खोल्यांची किल्ली दारामागच्या खिळ्यालाच आहे, मी कोणाला दिलेली नाही. त्याचं काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा.

पिठाचा डबा मी परत वरच्या फळीवर ठेवलाय. स्टूल घेऊन काढते. तू आल्यावर तो खाली आणायचा नाही.

आणि ज्या दिवशी आपण पुन्हा टेबलापाशी उभ्या राहू, त्या दिवशी हात पुरा वर ने. तुझा जातो तितका. माझा पोचला नाही तर नाही पोचला, चादर पडली तर मी उचलीन आणि धुवायला मीच नेईन. पण तू हात खाली घेऊ नकोस. मी तुझ्याच हाताकडे बघत असेन. मला दुसरं काही येत नाही.

मोठी